सतरा वर्षांचे सिकाडा: कुठे आले, किती आले, कुठे आलेच नाहीत याची नोंद कशी ठेवावी

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात १३ किंवा १७ वर्षं जमिनीखाली काढून वसंताच्या शेवटी एकदम वर येणारे सिकाडा हे किडे बघायला काही कष्ट पडत नाहीत. ते दारात, गाडीच्या टपावर, माणसाच्या खांद्यावर येऊन बसतात. कष्ट पडतात ते नोंदीला. जुन्या नकाशांची अडचण नेमकी हीच आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी 'आमच्याकडे दिसले' असं पत्र पाठवलं की अख्खी काउंटी रंगवली जाई. ते दहा होते की दहा लाख, रानभर होते की एका बागेत, हे त्यावरून कळत नाही. आजही हजारो लोक लाल डोळ्यांचे सुंदर फोटो टाकतात आणि त्यातल्या बऱ्याच नोंदींत हीच माहिती नसते.

हौशी माणसाचं काम इथे दुय्यम मुळीच नाही. मेरीलँडचे शेतकरी आणि पंचांगकर्ते बेंजामिन बॅनेकर यांनी १७४९, १७६६, १७८३ आणि १८०० अशा चार खेपा पाहिल्या आणि आपल्या वहीत १७ वर्षांचा हिशेब मांडला. न्यू जर्सी, मेरीलँड, उत्तर व्हर्जिनिया, शिकागोची उपनगरं या भागांत मराठी घरं पुष्कळ आहेत आणि हाच सगळा सिकाडांचा मुलूख आहे. सह्याद्रीत उन्हाळ्याच्या शेवटी कर्कश ओरडणारे सिकाडा दरवर्षी येतात. त्या सवयीने इथल्या किड्यांकडे पाहिलं तर फसगत होते.

आधी साल आणि ब्रूड ठरवा

एकाच साली एकत्र वर येणाऱ्या गटाला ब्रूड म्हणतात. कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स मार्लॅट यांनी १८९३ च्या गटापासून सुरुवात करून या गटांना रोमन क्रमांक दिले, तेच आजही चालतात. सध्या १७ वर्षांचे १२ आणि १३ वर्षांचे ३ ब्रूड शिल्लक आहेत. कनेटिकट नदीच्या खोऱ्यातला ब्रूड ११ शेवटचा १९५४ मध्ये दिसला, फ्लॉरिडाच्या बाजूचा ब्रूड २१ त्याच्याही आधी, १८७० मध्ये.

कामाची सालं अशी. २०२७ मध्ये ब्रूड २२, मुख्यतः लुइझियाना आणि मिसिसिपी. २०२८ मध्ये ब्रूड २३, मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात, दक्षिण इलिनॉयपर्यंत. २०२९ मध्ये ब्रूड १, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात. २०३० मध्ये ब्रूड २, कनेटिकटपासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत. न्यू जर्सीकरांनी हे साल आत्ताच लिहून ठेवावं. वॉशिंग्टन, बाल्टिमोर, प्रिन्स्टन, सिनसिनाटी यांचा ब्रूड १० पुन्हा २०३८ मध्ये येईल आणि शिकागोचा ब्रूड १३ २०४१ मध्ये.

पण साल जुळलं म्हणजे ब्रूड जुळला असं नाही. ब्रूडचे प्रदेश एकमेकांत शिरलेले असतात. मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या काही भागांत ब्रूड २ आणि ब्रूड १० अगदी जवळजवळ आहेत. म्हणून आपल्या गावाचं नाव राज्याच्या यादीत न शोधता कनेटिकट विद्यापीठाच्या सिकाडा नकाशावर जागा मोठी करून पाहा. जुन्या छापील वृत्तपत्रांत शोध घ्यायचा असेल तर 'सिकाडा' शब्दाने थोडंच हाती लागेल. तिथे त्यांना 'सतरा वर्षांचे लोकस्ट' म्हटलेलं असतं, जरी टोळांशी त्यांचा काही संबंध नसला तरी.

जागा हेरणं

निम्फ, म्हणजे सिकाडाचं बिनपंखी पिल्लू, झाडांच्या मुळांतला रस पिऊन वाढतो आणि जिथे अंड्यातून खाली पडला त्याच्या आसपासच वर येतो. त्यामुळे प्रश्न एकच: मागच्या खेपेला इथे पानझडी झाडं होती का, आणि त्यानंतर जमीन खरवडली गेली का? मागच्या खेपेनंतर वसलेल्या, वरची माती काढून सपाट केलेल्या वसाहतीत आज कितीही झाडं असोत, सिकाडा नसतात. जुनी कब्रस्तानं, कॉलेजांची आवारं, जुन्या वस्तीतली ओक-मेपलची मोठी झाडं, रानाची उन्हाची कड, नदीकाठची झाडी, जुन्या सफरचंदाच्या बागा या चांगल्या जागा. नुसत्या पाइनच्या लागवडीत वेळ घालवू नका.

उपग्रहाच्या जुन्या चित्रांवर मागच्या खेपेच्या सालाचं चित्र आणि आजचं चित्र शेजारी ठेवून पाहिलं तर अर्ध्या तासात चांगल्या-वाईट जागा वेगळ्या होतात. पाच जागा निवडा: तीन 'नक्की येतील' अशा, दोन शंकेच्या. नुसत्या खात्रीच्या जागा निवडल्या तर ब्रूडची सीमा कधीच सापडत नाही. खासगी जमिनीवर मालकाला आधी विचारा, कारण रात्री बॅटरी घेऊन कुणाच्या परसात फिरणं या देशात अंगाशी येऊ शकतं. राष्ट्रीय उद्यानांत फोटो चालतात, किडे गोळा करायला परवाना लागतो.

सोबत काय घ्यायचं

२० सेंटिमीटर खोल जाणारा मातीचा थर्मामीटर; स्वयंपाकघरातला आखूड सळईचा चालत नाही. लाल प्रकाशाची सोय असलेला डोक्याचा दिवा. ५० बाय ५० सेंटिमीटरची चौकट, पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार कोपरे वापरून घरी होते. मिलिमीटरची पट्टी, कागदी पिशव्या, पेन्सिल, वही. आवाजासाठी शक्य असेल तर डब्ल्यूएव्ही फाइल बनवणारा छोटा रेकॉर्डर.

आणि गोचीड. मे-जूनमध्ये पूर्व अमेरिकेच्या रानाच्या कडेला लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी जोरात असतात आणि त्यांची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी. पँट मोज्यांत खोचा, बूट आणि पँटला परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी मारून वाळवा, घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे, काखेत, केसांत तपासा. अंगाला लागली की पुरळ उठवणारी, तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही ही वेल ओळखायला शिका. अंधारात कात शोधताना हात नेमका तिच्यावर पडतो.

एप्रिल: जमिनीची तयारी पाहणं

२० सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान साधारण १८ अंश सेल्सिअस, म्हणजे ६४ फॅरनहाइट झालं की निम्फ वर यायला लागतात. त्यातून उबदार पाऊस पडला तर त्याच रात्री लोंढा निघतो. दक्षिणेत हे एप्रिलच्या शेवटी घडतं, मेरीलँड-न्यू जर्सीच्या पट्ट्यात मेच्या मध्याला, उत्तर इलिनॉयमध्ये मेचा शेवट किंवा जूनची सुरुवात.

एप्रिलच्या मध्यापासून एक दिवसाआड, रोज एकाच वेळी, एकाच झाडाखाली दोन ठिकाणी मोजा: एक उन्हातली बाजू, एक सावलीतली. सळई पूर्ण आत घालून पाच मिनिटं थांबा. लोक घाईत वरच्या पाच-सात सेंटिमीटरचं तापमान घेतात. ते दुपारी सहज २० अंशांवर जातं, आणि मग 'तापमान झालं तरी किडे का नाहीत' असा प्रश्न पडतो. दक्षिणेकडच्या उतारावर, डांबरी रस्त्याच्या कडेला, तापवलेल्या घराच्या भिंतीलगत किडे आठवडाभर आधी दिसतात. त्या नोंदी घ्या, पण जागेचं वर्णन लिहा, नाहीतर सगळ्या परिसराची तारीख चुकते.

सिनसिनाटीचे कीटकशास्त्रज्ञ जीन क्रिट्स्की यांचं एक सूत्र आहे: १९.४६५ मधून एप्रिलचं सरासरी तापमान (सेल्सिअस) वजा करा आणि ०.५१३६ ने भागा. येणारा आकडा म्हणजे मे महिन्यातली सुरुवातीची तारीख. एप्रिलची सरासरी १२ अंश असेल तर उत्तर १४.५, म्हणजे १४-१५ मे. ते ओहायोच्या त्या भागासाठी बसवलेलं आहे. दुसरीकडे ते रजा टाकण्यापुरतं वापरा, नोंदीत 'अपेक्षित तारीख' म्हणून ठेवू नका.

याच काळात पालापाचोळा हलकेच बाजूला करा, फरशीचे सुटे दगड किंवा पडलेले ओंडके उचलून पाहा आणि पुन्हा जागेवर ठेवा. सिकाडाचं भोक सुमारे १२ मिलिमीटर रुंद, स्वच्छ गोल, कडेला मातीचा ढीग नसलेलं. गांडुळाचं भोक याहून बारीक असतं. सिकाडा मारणाऱ्या मोठ्या गांधिलमाशीचं बीळ बरंच रुंद, बाहेर मातीचा ढिगारा असलेलं, आणि ते दिसतं जुलैच्या सुमारास. ओल्या किंवा दाट सावलीच्या जमिनीत निम्फ मातीच्या काही सेंटिमीटर उंच नळकांड्या बांधतात. त्या दिसल्या तर फोटो घ्या, पायाने मोडून आत बघू नका.

रात्र आणि सकाळ: मोजणी

सूर्य मावळल्यावर निम्फ बाहेर पडून उभ्या पृष्ठभागावर चढतात आणि कात टाकतात. नुकताच निघालेला किडा दुधी पांढरा, डोळे लाल, मानेमागे दोन काळे डाग असा असतो. सकाळपर्यंत काळा होतो. या वेळी त्याला बोटाने ढकललं तर पंख कायमचे वाकडे होतात. त्यामुळे लाल दिवा, हात मागे.

खरी मोजणी सकाळी करायची, कातींची. कात ही फार चांगली नोंद आहे: ती उडत नाही, म्हणजे किडा त्याच जमिनीतून आला याचा पुरावा. पाच झाडं ठरवा. प्रत्येकाचं खोड जमिनीपासून दोन मीटर उंचीपर्यंत, आणि बुंध्याभोवती एक मीटरचं वर्तुळ. रोज सकाळी नऊच्या आत सगळ्या काती काढून कागदी पिशवीत टाका, पिशवीवर तारीख आणि झाडाचा क्रमांक. काढल्या नाहीत तर उद्या त्याच पुन्हा मोजल्या जातात. ही सर्वांत सामान्य चूक. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी लागते.

एका झाडाखाली हजारो निघाल्या तर एकेक मोजत बसू नका. काती दोन दिवस वाळवा, २०० मोजून त्यांचं वजन एक ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर घ्या, मग सगळ्यांचं वजन घेऊन हिशेब करा. ओल्या कातींचं वजन भलतंच येतं, म्हणून वाळवणं टाळू नका. सुरुवातीच्या रात्री नर जास्त असतात, मग माद्या. मादीच्या कातीवर पोटाच्या टोकाशी अंडी घालण्याच्या अवयवाची उभी खाच दिसते, तेवढं वेगळं मोजलं तर नोंद दुप्पट कामाची होते.

लोंढा ओसरल्यावर भोकांची मोजणी. झाडाच्या घेराखालची जागा पावलांनी मोजा, फोनवर यदृच्छ आकडे काढा आणि त्या पावलांवर चौकट टाका, एकूण २० वेळा. २० चौकटी म्हणजे ५ चौरस मीटर. त्यात एकूण १४० भोकं निघाली तर दर चौरस मीटरला २८. चौकट 'जिथे जास्त दिसतात' तिथे टाकायचा मोह सगळ्यांना होतो आणि त्याने आकडा तिप्पट फुगतो. पडताळ्यासाठी एक मोजमाप लक्षात ठेवा: १९५६ मध्ये शिकागोजवळच्या सखल रानात एकरी सुमारे १५ लाख सिकाडा मोजले गेले, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३७०. तुमचा आकडा याच्या वर जात असेल तर आधी चौकट मोजून पाहा.

जात ओळखणं

सगळे १३ आणि १७ वर्षांचे सिकाडा मॅजिसिकाडा या एकाच वंशातले (जीनस), जाती सात. अंग काळं, डोळे लाल, पंखांच्या शिरा नारिंगी. जुलै-ऑगस्टमध्ये ओरडणारे मोठे, हिरवट सिकाडा वेगळे, ते दरवर्षी येतात.

१७ वर्षांच्या तीन जाती पोट उलटं करून ओळखता येतात. सेप्टेनडेसिम मोठा, पोटाखाली रुंद नारिंगी पट्टे, आणि डोळा व पंखाचा सांधा यांच्या मध्ये नारिंगी ठिपका. कॅसिनी लहान, पोट जवळजवळ पूर्ण काळं. सेप्टेनडेक्युला तेवढाच लहान, पण पोटाखाली अरुंद, रेखीव नारिंगी पट्ट्या. १३ वर्षांच्या चार जाती याच तीन घडणींच्या आहेत, म्हणून नुसत्या फोटोवरून '१३ की १७' ठरवू नका. ते साल आणि जागा ठरवतात. त्यातली निओट्रेडेसिम ही जात तर २००० साली ओळखली गेली, आणि तिचा माग आवाजावरूनच लागला.

प्रत्येक किड्याचे तीन फोटो पुरेत: वरून, पोटाकडून, आणि डोळ्यामागची बाजू. चौथा फोटो जागेचा.

पोटाचं टोक गळून तिथे पांढरी खडूसारखी पूड दिसली तर ती मॅसोस्पोरा बुरशी. अशी लागण झालेले नर माद्यांसारखी पंखांची टिचकी देऊन दुसऱ्या नरांना जवळ ओढतात आणि बुरशी पसरवतात. त्यांची टक्केवारी ठेवायची तर सरसकट १०० किडे पाहा आणि त्यात किती बाधित ते लिहा. फक्त बाधित किड्यांचेच फोटो टाकले तर साथ पसरल्याचा भास होतो.

कानाने नकाशा

सीमा शोधायचं मुख्य साधन कान आहे. कात टाकल्यावर नरांचं अंग घट्ट व्हायला चार-सहा दिवस लागतात, मग ते झाडांच्या शेंड्यांवर जमून एकत्र ओरडतात. हा कोरस गाडीतून ऐकू येतो, आणि कनेटिकट विद्यापीठाच्या संशोधकांनीही नकाशे असेच, रस्त्यारस्त्याने ऐकत सुधारले आहेत.

पहिल्या मोठ्या रात्रीनंतर दहा दिवसांनी सुरू करा आणि दोन आठवड्यांत संपवा. ऊन असलेला दिवस, तापमान २० अंशांच्या वर, सकाळी दहा ते दुपारी चार. ढग आले, वारा सुटला, पाऊस पडला की ते गप्प होतात, आणि अशा दिवशी लिहिलेलं 'काही नाही' हे खोटं शून्य असतं. सेप्टेनडेसिम सकाळी जास्त गातो, कॅसिनी दुपारी. दोन्हींची सीमा हवी असेल तर तोच रस्ता दोन वेळांना करावा लागतो.

रस्ता आधी आखा. दर मैलाला, साधारण दीड किलोमीटरला थांबा. इंजिन बंद, खिडक्या उघड्या, दोन मिनिटं पूर्ण शांत. गाडी चालवणाऱ्याने लिहायचं नाही, लिहायला दुसरा माणूस हवाच. प्रत्येक थांब्यावर चारपैकी एक लिहा: काहीच नाही; एकटेदुकटे नर, मोजता येण्याजोगे; विरळ कोरस, एखाद्याच दिशेने; दाट कोरस, चारही बाजूंनी. सोबत वेळ, तापमान, वारा, आकाश. कोरस लांबून येत असेल तर बिंदू तुम्ही उभे आहात तिथेच टाका आणि दिशा वेगळी लिहा. अंदाजाने बिंदू रानात सरकवला की ओढा ओलांडून किडे नसलेल्या काठावर ते दिसू लागतात. आवाज सुरू होतो आणि संपतो त्या दोन थांब्यांच्या मध्ये परत जाऊन अर्ध्या मैलाने ऐका. सगळ्या दिवसाचं मोल त्या मधल्या थांब्यांत असतं.

आवाज ओळखायला सोपे आहेत. सेप्टेनडेसिमचा लांब सूर 'फेऽऽऽरो' असा, शेवटी खाली उतरणारा, सुमारे १.३ किलोहर्ट्झ, हजारो मिळून गातात तेव्हा सूर तुटत नाही आणि दूरच्या यंत्राची घरघर वाटते. कॅसिनी आधी टकटक करतो आणि मग पेटलेल्या वातीसारखा सरसरतो, आणि पुष्कळ नर एका तालात हे करत असल्याने आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. सेप्टेनडेक्युला एका लयीत टिकटिकत राहतो आणि दोघांच्या गोंगाटात हरवतो. तो बहुतेक वेळा रेकॉर्डिंगमध्येच सापडतो. मिनिटभराची डब्ल्यूएव्ही फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, मायक्रोफोनची पातळी हाताने ठेवलेली, आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाच्या पट्ट्यांचं चित्र. फोनचं रेकॉर्डिंग आवाज आपोआप कमी-जास्त करतं, त्यामुळे 'किती मोठा कोरस' हे त्यावरून ठरवता येत नाही.

एकटा नर गात असेल तर चुटकी वाजवून पाहा. मादी नराच्या सुरानंतर पंखांची टिचकी देते, आणि चुटकीचा आवाज त्याला तसाच वाटतो. सूर खाली उतरून संपला की अर्ध्या सेकंदाच्या आत चुटकी पडली पाहिजे. जमलं तर तो चालत, गात तुमच्या बोटांकडे येतो. उशीर झाला तर ढिम्म. लहान मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं.

चुकार किडे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. दर ब्रूडमधले काही किडे चुकीच्या साली येतात. १७ वर्षांचे बहुधा चार वर्षं आधी, काही एक वर्ष आधी किंवा नंतर. १३ वर्षांचे चार वर्षं उशिरा. २०१७ मध्ये वॉशिंग्टन-बाल्टिमोर भागात ब्रूड १० चे चार वर्षं आधीचे पुष्कळ दिसले; २०२० मध्ये शिकागोच्या उपनगरांत ब्रूड १३ चे. याच हिशेबाने २०२६ मध्ये एकही ब्रूड नियमाने येत नसला तरी ब्रूड २ च्या प्रदेशात चुकार शोधावेत, आणि २०२५ ला आलेल्या ब्रूड १४ च्या प्रदेशात वर्षभर उशिराचे.

चुकार आणि खरा ब्रूड यांत फरक संख्येचा आणि टिकण्याचा. लाखो एकदम आले तर पक्षी, खारी, कुत्री यांची पोटं भरूनही पुष्कळ उरतात. शंभर आले तर आठवड्यात संपतात. म्हणून एका दिवसाच्या नोंदीवर निर्णय देऊ नये. त्याच जागी दहा दिवसांनी परत जा. कोरस उभा आहे, माद्या फांद्यांत अंडी घालताहेत, तर जागा महत्त्वाची. सगळं शांत आणि जमिनीवर नुसते तुटके पंख असतील तर तेही लिहा. चुकारांच्या नोंदीत हे चार हवेतच: काती किती, जिवंत किडे किती, कोरस होता का, दुसऱ्या भेटीत काय दिसलं.

आणखी दोन भुलवण्या. नर्सरीतून कुंडीत किंवा मुळाच्या गोळ्यासकट आणलेल्या झाडाबरोबर निम्फ येऊ शकतात, म्हणून नव्या लागवडीतल्या एकट्या नोंदीला झाडाचं मूळ गाव विचारा. आणि गाडीच्या काचेला चिकटून आलेला किडा हा तुमच्या पार्किंगचा रहिवासी नव्हे.

नोंद कुठे द्यायची

क्रिट्स्की आणि माउंट सेंट जोसेफ विद्यापीठाचं सिकाडा सफारी हे अॅप फोटोसाठी सोपं. २०२१ च्या ब्रूड १० च्या वेळी तिथे पाच लाखांवर फोटो जमले. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटोसोबत आवाजही चढवता येतो आणि टिपणाला जागा असते. चुकार, विरळ कोरस, दुसरी भेट हे तिथेच लिहावं. चढवताना तारीख आणि जागा पुन्हा वाचा. रात्री घरी बसून चढवलेल्या नोंदीला कधीकधी घराचीच जागा चिकटते, आणि मेसेजवरून आलेल्या फोटोतली मूळ जागा-वेळ पुसलेली असते. जागेची अचूकता १०० मीटरच्या आत ठेवा. स्वतःच्या परसातली नोंद असेल तर जागा धूसर करायची सोय आहे, पण धूसर बिंदू सीमेच्या कामाला येत नाही. त्यापेक्षा रस्त्याच्या कोपऱ्याची जागा द्या आणि तसं लिहा.

'काही नाही' ही नोंद मात्र दोन्हीकडे नीट बसत नाही. ती वहीत आणि स्प्रेडशीटमध्येच ठेवावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण मागच्या शतकातल्या नोंदींत याचाच खडखडाट आहे. न्यूयॉर्कमधल्या सिराक्यूसजवळचा ब्रूड ७ फार लहान आहे, त्यात सेप्टेनडेसिम ही एकच जात आहे. तो २०३५ मध्ये येईल तेव्हा 'इथे ऐकलं, नव्हते' अशा शंभर ओळी हजार फोटोंपेक्षा उपयोगी पडतील.

जुलै: शेंडे वाळले की शेवटची फेरी

मादी पेन्सिलीएवढ्या जाड डहाळीत चिरा पाडून एका चिरेत वीसेक अंडी घालते. त्याने डहाळीचं टोक वाळतं आणि हिरव्या झाडावर तपकिरी शेंडे लोंबतात. कोरसच्या वेळी पाऊस लागून फेरी हुकली असेल तर ही दुसरी संधी. दुर्बिणीने शेंडे पाहा, मग एक तरी डहाळी हातात घेऊन चिरांची ओळ तपासा, कारण खारी आणि भुंग्यांच्या अळ्यांनीही शेंडे तुटतात. दोन वर्षांच्या आतली रोपटी कुणी जाळीने झाकली असतील तर त्या झाडावरचं 'चिरा नाहीत' धरू नका. जाळीचं भोक एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर मादी आत शिरत नाही.

अंडी सहा ते दहा आठवड्यांत फुटतात. त्या काळात ओकच्या झाडांखाली बसणं टाळा. अंडी खाणारे सूक्ष्म माइट वरून पडतात आणि मान-खांद्यांवर आठवडाभर खाजणारे फोड येतात. २००७ मध्ये शिकागोकडे आणि २०२१ मध्ये वॉशिंग्टनकडे हा त्रास बऱ्याच लोकांना झाला.

भारतात हीच पद्धत वापरण्याजोगी एक जागा आहे: मेघालयातला री-भोई जिल्हा. तिथला क्रेमिस्टिका रिभोई हा सिकाडा दर चार वर्षांनी येतो, २०१४, २०१८, २०२२ अशा सालांत, म्हणजे फुटबॉलच्या विश्वचषकाबरोबर. तिथले लोक तो रात्री गोळा करून खातात, त्यामुळे जागा आणि तारीख त्यांनाच विचारावी, आणि मोजणीच्या चौकटी त्यांच्या गोळा करण्याच्या वाटांपासून दूर टाकाव्यात.

वही १७ वर्षं कशी टिकेल

अॅप बदलतात, पासवर्ड हरवतात. सगळ्या नोंदी साध्या सीएसव्ही फाइलमध्ये उतरवा: तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश दशांशात, अचूकता, काय दिसलं, किती, किती मिनिटं पाहिलं, कोणत्या हवामानात. आवाजाच्या फाइलीच्या नावातच तारीख आणि थांब्याचा क्रमांक घाला. एक छापील प्रत गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या स्थानिक इतिहास विभागात द्या, दुसरी राज्य विद्यापीठाच्या कीटकसंग्रहाला. वहीच्या पहिल्या पानावर पुढच्या तपासण्या लिहून ठेवा. ब्रूड २ ची २०३० ची जागा असेल तर २०३१ ला उशिराचे, २०३४ ला चार वर्षं उशिराचे, २०४३ ला चार वर्षं आधीचे, २०४६ ला वर्षभर आधीचे, आणि २०४७ ला पूर्ण मोजणी, त्याच पाच झाडांखाली. त्यातलं एखादं मध्ये पडलं तर त्याच्या बुंध्याची जागा अक्षांश-रेखांशावरून शोधायची, शेजारचं उभं झाड धरायचं नाही.